विजेचा टाइपरायटर : विक्रीची कथा आणि दुरुस्तीची विद्या

यंत्रांचे इतिहास बहुधा दोघांच्या बाजूने लिहिले जातात. एक शोधकाच्या बाजूने : अमुक साली अमक्याला कल्पना सुचली आणि जग बदलले. दुसरा कारखानदाराच्या बाजूने : अमुक साली इतकी यंत्रे खपली आणि कंपनीची भरभराट झाली. या दोन्ही इतिहासांत तिसऱ्या माणसाचे नाव शोधूनही सापडत नाही. तो म्हणजे बंद पडलेले यंत्र पुन्हा चालते करणारा मेकॅनिक. आम्ही आयुष्याचा बराच काळ कामगार संघटनेच्या कामात घालविला असल्यामुळे यंत्राकडे पाहताना आमचे लक्ष आधी त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. म्हणून विजेच्या टाइपरायटरचा इतिहास आज या तिसऱ्या माणसाच्या बाजूने सांगण्याचा आमचा विचार आहे. यंत्र विकणे आणि यंत्र दुरुस्त करणे ही एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत. ती एकमेकांपासून तोडली की ग्राहक फसतो, कारागीर देशोधडीला लागतो आणि धडधाकट यंत्र भंगारात जाते, हा आमचा मुद्दा आहे.

टाइपरायटर म्हटला की आपल्याकडे कचेरीतला किंवा कोर्टाच्या आवारातल्या टंकलेखकापुढचा हाताने चालणारा टाइपरायटर डोळ्यांपुढे येतो. या यंत्रात अक्षर उमटविणारे बळ माणसाच्या बोटाचे असते. बोट कळ खाली दाबते, कळ दांडीला ढकलते, दांडीच्या टोकाचा ठसा फितीवर आदळतो. बोट सशक्त तर अक्षर ठसठशीत. करंगळी दुबळी, म्हणून करंगळीच्या वाट्याचे अक्षर पुसट. एका वेळी चारपाच कार्बन प्रती काढायच्या असल्या तर प्रत्येक अक्षरावर हातोडी मारल्यासारखे बळ लावावे लागे. दिवसभर टंकलेखन करणाऱ्या माणसाची मनगटे संध्याकाळी का भरून येत, हे यावरून ध्यानात येईल. विजेच्या टाइपरायटरने हा हिशेबच बदलला. त्यात बोट फक्त हुकूम देते, घाव घालते ती मोटर. सगळी अक्षरे सारख्याच जोराने उमटतात आणि टंकलेखकाचे श्रम निम्म्याहून हलके होतात.

विजेवर चालणारी टंकलेखन यंत्रे करण्याचे प्रयत्न अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू होते. १९०२ साली ब्लिकेन्सडर्फर याने असे एक यंत्र बाजारात आणलेही, पण ते टिकले नाही. पुढे कॅन्सस सिटीच्या जेम्स स्मॅदर्स याने १९१४ च्या सुमारास खरोखर उपयोगी पडेल असे यंत्र तयार केले. १९२३ साली त्याची ही कल्पना रॉचेस्टर शहरातल्या नॉर्थईस्ट इलेक्ट्रिक या कंपनीच्या हाती गेली. ही कंपनी टाइपरायटर करणारी नव्हती. विजेच्या मोटरी करणारी होती. आपल्या मोटरींना नवे गिऱ्हाईक मिळावे एवढाच तिचा हेतू. तिने रेमिंग्टन कंपनीशी करार केला आणि १९२५ च्या सुमारास सुमारे अडीच हजार विजेचे रेमिंग्टन तयार झाले. ते खपलेही. तेव्हा नॉर्थईस्टने पुढच्या मालाची पक्की मागणी मागितली. पण रेमिंग्टनमध्ये त्या वेळी दुसऱ्या कंपन्यांशी विलीन होण्याच्या वाटाघाटी चालू होत्या आणि सही करण्याची जबाबदारी कोणीच अधिकारी घेईना. अखेर नॉर्थईस्टने स्वतःच टाइपरायटर काढावयाचे ठरविले आणि १९२९ मध्ये ‘इलेक्ट्रोमॅटिक’ जन्मास आला. वरच्या मजल्यावर खुर्च्यांची वाटणी चालू असली की खालच्या मजल्यावरचे चालते काम कसे खोळंबते, याचे हे उदाहरण कामगारांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९३३ साली इलेक्ट्रोमॅटिकचा धंदा आय. बी. एम. कंपनीने विकत घेतला. घड्याळे आणि भोके पाडलेल्या कार्डांची हिशेबयंत्रे हा तिचा मुख्य व्यवसाय. तिने टाइपरायटरच्या सुधारणेवर दहा लाख डॉलरच्या आसपास रक्कम खर्च केली आणि १९३५ साली स्वतःच्या नावाचे पहिले विजेचे यंत्र बाजारात आणले. त्यानंतर पाव शतकाने, ३१ जुलै १९६१ रोजी, तिने जे यंत्र जाहीर केले त्याचे नाव ‘सिलेक्ट्रिक’. आज जुन्या बाजारात विजेचा टाइपरायटर म्हणून जो विकला जातो, तो बहुधा हाच किंवा याच्या घराण्यातला असतो. त्याची बाह्य आकृती एलियट नॉइस या वास्तुशिल्पज्ञाने बेतली होती आणि यंत्ररचना होरेस बीटी यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी सिद्ध केली होती. आरंभीची किंमत ३९५ डॉलर होती. पुढे १९७१ मध्ये दुसरी आवृत्ती, १९७३ मध्ये चुकलेले अक्षर उचलून घेणारी दुरुस्ती फीत आणि १९८० मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. सर्व मिळून एक कोटी तीस लाखांवर यंत्रे खपली.

या यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण दुरुस्तीची सारी विद्या तिच्यातच आहे. सिलेक्ट्रिकमध्ये दांड्यांचे जंगल नाही आणि कागद धरणारा रूळ डावीउजवीकडे धावत नाही. लिंबाएवढा एक गोळा फितीसह कागदापुढून सरकत जातो. त्या गोळ्यावर चार रांगांत ८८ अक्षरचिन्हे कोरलेली असतात. हवे ते अक्षर कागदासमोर आणण्यासाठी गोळा दोन हालचाली करतो : रांग निवडण्यासाठी मागेपुढे कलतो आणि रांगेतले अक्षर निवडण्यासाठी स्वतःभोवती फिरतो. मोठ्या लिपीची कळ दाबली की तो अर्धा फेरा घेऊन दुसरी बाजू पुढे करतो. हे सारे घडून अक्षर उमटते ते सेकंदाच्या पंधराव्या भागात.

आणि हा सारा कारभार चालविणारी एकच मोटर! ती दातेरी पट्ट्याने आतला दंड फिरविते. कळ दाबली की तिच्याखालची एक पट्टी पुढे ढकलली जाते. त्या पट्टीच्या खाचा जशा असतील तशा आडव्या निवडदांड्या हलतात. कोणती दांडी हलली आणि कोणती राहिली, यांची बेरीज तरफांच्या साखळीत होते. दोन घोड्यांच्या गाडीत दोघांची ओढ एकत्र करण्यासाठी जो मधोमध टांगलेला आडवा दांडा असतो, तेच तत्त्व येथे वापरले आहे. ती बेरीज पोलादाच्या दोन पातळ फितींमधून गोळ्यापर्यंत पोचते. एक फीत त्याला कलविते, दुसरी फिरविते. म्हणजे हे यंत्र हिशेब करते. तो आकड्यांनी न करता लोखंडाने करते, इतकेच.

आता यंत्र म्हातारे होते म्हणजे काय होते ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की जुने यंत्र झिजून मरते. सिलेक्ट्रिकच्या बाबतीत हे फारसे खरे नाही. ते झिजण्याआधी चिकटते. कारखान्यात घातलेले तेल आणि ग्रीज वीसतीस वर्षांत वाळून रोगणासारखे घट्ट होते. मग मोटर घुमते पण अक्षर उमटत नाही. जागा सोडणारी कळ रेंगाळते. गोळा ओळीच्या आरंभी परत येताना वाटेत थबकतो. रबरी रूळ कठीण होऊन त्यावर कागद सरकू लागतो. गोळ्याच्या तळाशी असलेला प्लॅस्टिकचा एखादा दाता तुटतो. फिरविणारी पोलादी फीत तुटली तर गोळा हव्या त्या अक्षरावर थांबतच नाही. पुढच्या आवृत्त्यांत पट्ट्याच्या चाकाचा प्लॅस्टिकचा तुंबा वयोमानाने तडकतो, आणि मग सारे अवयव शाबूत असूनही यंत्र मुके बसते.

चांगला मेकॅनिक अशा वेळी प्रथम हत्यार उचलत नाही, कागद लावतो. सर्व अक्षरे क्रमाने टंकतो आणि उमटलेला मजकूर वाचतो. मागितलेल्या अक्षराऐवजी दुसऱ्या रांगेतले अक्षर येत असेल तर दोष कलण्याच्या बाजूस. त्याच रांगेतले शेजारचे येत असेल तर दोष फिरण्याच्या बाजूस. काही ठराविक अक्षरेच चुकत असतील तर त्या सर्वांत समान असलेली निवडदांडी कोणती, हे तो मनाशी ताडतो. यंत्र आपला रोग असा स्वतःच लिहून दाखविते; वाचणारा मात्र हवा. त्यानंतर तो विजेची तार काढून ठेवतो, आतला दंड हाताने सावकाश फिरवितो, आणि सेकंदाच्या पंधराव्या भागात घडणारी गोष्ट मिनिटभर लांबवून डोळ्यांनी पाहतो. कोठे तरफ अडखळते, कोठे स्प्रिंग ढिली आहे, हे त्यास दिसते. मग जुने वंगण विरघळविणे, पुसणे, सुकविणे आणि जेथे हवे तेथेच थेंबभर नवे तेल देणे. हे काम तासांचे नसून दिवसांचे असते. आणि बिल देताना गिऱ्हाईक म्हणते, ‘नवा भाग तर एकही घातला नाही, मग एवढे पैसे कशाचे?’

या प्रश्नातच दुरुस्ती करणाऱ्याची सगळी विपत्ती साठलेली आहे. आपल्या समाजाला वस्तूची किंमत कळते, वेळेची थोडीफार कळते, पण जाणण्याची किंमत कळत नाही. निदान हे श्रम आहे, हे मान्य करावयास लोक तयार नसतात. डॉक्टरने नाडी पाहून औषध न देता पथ्य सांगितले तरी आपण त्याची फी देतो. मेकॅनिकने मात्र काहीतरी बदलून दाखविले पाहिजे! याचा परिणाम असा होतो की प्रामाणिक कारागीर उपाशी राहतो आणि अनावश्यक भाग बदलणारा पोट भरतो.

ज्या काळात ही यंत्रे नवी होती, त्या काळात हा प्रश्न कंपनीने आपल्यापुरता सोडविला होता. यंत्राबरोबर वार्षिक देखभालीचा करार विकला जाई. पांढरा सदरा आणि नेकटाय घातलेला कंपनीचा माणूस हत्यारांची पेटी घेऊन कचेरीत येई. त्याला मेकॅनिक न म्हणता ‘कस्टमर इंजिनिअर’ म्हणत. त्याला उत्तम शिक्षण दिले जाई, पगारही बरा असे. अमेरिकेतल्या आय. बी. एम. च्या कारखान्यांत कामगार संघटना कधी मूळ धरू शकली नाही, याचे एक कारण कंपनीने आपल्या माणसांना दिलेली ही वागणूक होय, हे संघटनेचे काम करणाऱ्या आम्हांसारख्यांनीही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण या व्यवस्थेत एक गोम होती. विद्या माणसाच्या हातात असली तरी तिची मालकी कंपनीकडे होती. मार्गदर्शक पुस्तके, खास मापण्या, सुटे भाग, सारे तिच्या कपाटात.

असे कपाट कायद्याने उघडता येते, याचा दाखला याच कंपनीच्या इतिहासात आहे. तिची कार्डांची हिशेबयंत्रे ती विकत नसे, केवळ भाड्याने देई. म्हणजे जुन्या यंत्रांचा बाजारच उभा राहू शकत नव्हता आणि बाहेरच्या मेकॅनिकला काम मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकन सरकारने कंपनीविरुद्ध खटला भरला आणि २५ जानेवारी १९५६ रोजी तडजोडीचा हुकूमनामा झाला. त्यान्वये कंपनीला ही यंत्रे भाड्याप्रमाणेच विकतही द्यावी लागली. सुटे भाग वाजवी दराने बाहेरच्यांस पुरवावे लागले. स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना माहिती आणि शिक्षण द्यावे लागले. हा हुकूम टाइपरायटरसंबंधी नव्हता, हिशेबयंत्रे व संगणक यांसंबंधी होता. तरी त्यातले तत्त्व आमच्या विषयाला नेमके लागू पडते : जुन्या मालाचा बाजार खुला करावयाचा तर दुरुस्तीची विद्याही खुली करावी लागते. नुसती विक्री खुली करून भागत नाही.

विद्या थोड्यांच्याच हाती राहिली म्हणजे काय धोका होतो, याची एक विलक्षण कथा मॉस्कोची आहे. तेथील अमेरिकन वकिलातीत आणि लेनिनग्राडच्या कचेरीत सिलेक्ट्रिक यंत्रे होती. १९८४ मध्ये त्यांपैकी सोळा यंत्रांत सोव्हिएट हेरखात्याने बसविलेली श्रवणयंत्रे सापडली. पहिली १९७६ पासूनची होती. ती आतल्या एका साध्या दिसणाऱ्या आडव्या दांड्यात लपविलेली होती. निवडदांड्यांची हालचाल चुंबकाच्या साह्याने ओळखून कोणते अक्षर टंकले ते ती बाहेर कळवीत. ज्या हालचालींवरून मेकॅनिक रोग ओळखतो, त्याच हालचालींवरून हेर मजकूर वाचत होते! आठ वर्षे ती यंत्रे रोज वापरली जात होती आणि कोणास संशय आला नाही. अखेर सारी यंत्रे मायदेशी नेऊन क्ष-किरणांखाली तपासली तेव्हा गुपित फुटले.

आपल्या देशाशीही या इतिहासाचा एक धागा जुळतो. १९६३ साली कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेत आय. बी. एम. चा १६२० हा संगणक आला. त्याच्याशी बोलण्याचे साधन म्हणजे त्यास जोडलेला विजेचा टाइपरायटरच होता. अशी यंत्रे पुढे देशात ठिकठिकाणी बसली आणि त्यांची देखभाल कंपनीच करी. १९७३ च्या परकीय चलनाच्या कायद्याने परदेशी कंपन्यांना आपले भांडवल चाळीस टक्क्यांपर्यंत उतरविण्यास सांगितले. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये उद्योगमंत्री झाले आणि त्यांनी या कायद्याचा आग्रह धरला. आय. बी. एम. ने अट मानली नाही आणि १९७८ मध्ये ती भारतातून निघून गेली. मग तिने मागे ठेवलेल्या यंत्रांचे काय? ती बंद पडली असती तर कित्येक संस्थांचा कारभार अडला असता. पण सरकारने १९७५ च्या अखेरीस संगणकांच्या देखभालीसाठी एक मंडळ स्थापन केले होते. पुढे ते सी. एम. सी. या नावाने ओळखले गेले. त्याने ही देखभाल अंगावर घेतली आणि कंपनीत शिकून तयार झालेले भारतीय अभियंतेच पुढचे काम चालवू लागले. कंपनी गेली, विद्या राहिली. कारण ती माणसांच्या हातांत होती. स्वावलंबनाची पुष्कळ व्याख्याने आपण ऐकली आहेत. आमच्या मते स्वावलंबनाची पहिली पायरी कारखाना नसून दुरुस्तीचे दुकान ही आहे.

हाताच्या टाइपरायटरची कथा याहून वेगळी नाही. १९५५ साली गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि २००९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. आय. बी. एम. ने आपला टाइपरायटरचा धंदा १९९१ मध्येच अलग केला. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या कारखान्यासह त्याची ‘लेक्समार्क’ ही नवी कंपनी झाली. म्हणजे आज ही यंत्रे नवी मिळत नाहीत. जी आहेत ती वापरलेलीच. अशा वेळी जुने यंत्र विकणाऱ्याचा धर्म कोणता, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

‘चालू स्थितीत’ हे शब्द जुन्या बाजारात फार स्वस्त झाले आहेत. यंत्रावर रॉकेलासारखे पातळ तेल फवारले की घट्ट झालेले वंगण घटकाभर सैल होते, यंत्र खडखडते आणि सौदा होतो. थोड्याच दिवसांत ते तेल उडून जाते आणि धूळ धरून बसलेला चिकटा पहिल्यापेक्षा वाईट अवस्था करतो. म्हणून घेणाऱ्याने यंत्रावरच्या रंगाला भुलू नये. ८८ चिन्हांचे टंकलेले पान मागून घ्यावे. परदेशातून आलेले यंत्र असेल तर वीज तपासावी. अमेरिकेचे यंत्र ११५ व्होल्ट आणि ६० आवर्तनांचे, आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मरने दाब उतरेल, पण आवर्तने बदलणार नाहीत. मोटर सहाऐवजी पाचच्या चालीने फिरेल. हे भरून काढायचे तर पुलीचे माप बदलावे लागते. यंत्र दुसऱ्या गावी पाठविताना गोळा काढून वेगळा बांधावा आणि सरकता भाग घट्ट रोखावा. पंधरा किलोंच्या आसपासचे हे ओझे आपल्याच वजनाने आतून मोडते. विकणाऱ्याने हे सारे सांगितले तर किंमत जास्त घ्यावी, आणि घेणाऱ्याने ती तक्रार न करता द्यावी. ती किंमत लोखंडाची नसते. मेकॅनिकच्या दिवसांची असते.

सुटे भाग आज मिळतात ते बहुतेक दुसऱ्या मेलेल्या यंत्राच्या पोटातून. अलीकडे काही हौशी कारागिरांनी त्रिमितीय छपाईने तुटके भाग, इतकेच नव्हे तर अक्षरांचा गोळाही, नव्याने करून पाहिला आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु भाग छापता येतो; हात छापता येत नाही. तो हात तयार व्हावयास उमेदवाराने उस्तादाशेजारी वर्षानुवर्षे बसावे लागते, आणि उमेदवार तेव्हाच बसेल, जेव्हा त्या बसण्यात त्याला पोटापुरते दिसेल.

हा प्रश्न केवळ टाइपरायटरचा असता तर आम्ही आपला एवढा वेळ घेतला नसता. घरातल्या फोनपासून शेतातल्या ट्रॅक्टरपर्यंत आज तोच प्रश्न उभा आहे : वस्तू विकत घेतली, पण ती उघडण्याचा हक्क कोणाचा? २०२२ साली न्यूयॉर्क राज्याने इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचा कायदा केला, आणि त्याच वर्षी भारत सरकारनेही दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. ही पावले योग्य दिशेची आहेत. मात्र या चर्चेत ग्राहकाच्या हक्काबद्दल जितके बोलले जाते, तितके कारागिराच्या मोबदल्याबद्दल बोलले जात नाही. माहितीपत्रके खुली व्हावीत, सुटे भाग कोणासही वाजवी दराने मिळावेत, निदानाचे पैसे वेगळे द्यावेत आणि उमेदवाराला शिकत असता वेतन मिळावे, या चारही गोष्टी एकत्र मागितल्या पाहिजेत. पहिल्या दोन मिळून शेवटच्या दोन मिळाल्या नाहीत, तर पुस्तके उघडी राहतील, भाग कपाटात पडून राहतील आणि ते बसविणारा मनुष्य मात्र दुसऱ्या पोटाच्या धंद्याला लागलेला असेल.